खारपाणपट्ट्यात कॅल्शियम कुठे जातं?

सातपुड्याच्या पायथ्याशी, अकोट-तेल्हाऱ्याच्या वरच्या अंगाला, विहिरीचं पाणी गोड आहे. तिथं केळी होते, संत्रा होतो, अंजनगाव सुर्जीकडे पानमळे आहेत. तिथून दक्षिणेला पूर्णेकडे उतरत गेलं की बागा विरळ होतात आणि पुढे संपतात. मग कपाशी, तूर, मूग, उडीद, ज्वारी, सोयाबीन, सगळं पावसाच्या भरवशावर. विहिरी इथंही आहेत आणि त्यांत पाणीही आहे. पण ते पिकाला देत नाहीत. ज्यांनी दिलं त्यांची जमीन थोड्याच वर्षांत चोपण (सोडियमने बिघडलेली, पाणी न मुरणारी) झाली, हे त्या गावांत कुणालाही विचारा, सांगतील. जमिनीखाली पाणी असताना कोरडवाहू राहिलेला हा पट्टा म्हणजे पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा.

पूर्णा नावाच्या नद्या बऱ्याच आहेत. परभणी-हिंगोलीकडची पूर्णा गोदावरीला मिळते, गुजरातेत नवसारीवरून जाणारी थेट समुद्राला. आपण बोलतोय ती तापीची पूर्णा. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात भैंसदेहीकडे ती उगम पावते, अमरावती, अकोला, बुलढाणा असा प्रवास करते आणि जळगाव जिल्ह्यात चांगदेवला तापीला मिळते. उत्तरेकडून चंद्रभागा, शहानूर, वान या नद्या सातपुड्याचं पाणी आणतात. दक्षिणेकडून काटेपूर्णा, मोर्णा, निर्गुणा, मन, विश्वगंगा, नळगंगा येतात. यांच्या मधोमध जो सपाट काळ्या मातीचा पट्टा आहे, त्यातला साधारण साडेचार ते पावणेपाच लाख हेक्टर भाग खारपाण मानला जातो. राज्याच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात (लोकांच्या तोंडी ‘पोकरा’) २०१८ पासून जी ५,१४२ गावं घेतली, त्यांत दुष्काळी गावांखेरीज पूर्णा खोऱ्यातली ९३२ खारपाण गावं वेगळी मोजलेली होती. म्हणजे हा काही चार-दोन शिवारांचा प्रश्न नाही.

या प्रकरणात माझं म्हणणं एकच आहे. इथल्या पाण्याकडे आणि जमिनीकडे बघताना आपण मिठाचं प्रमाण मोजत बसलो आणि क्षारांचं आपसातलं गुणोत्तर बघायचं राहिलं. पाणी किती खारं आहे यापेक्षा त्यात कॅल्शियमच्या मानाने सोडियम किती आहे, यावर इथलं जवळपास सगळं ठरतं: पाऊस मुरणं, कपाशीचं उत्पन्न, शेततळ्याचा टिकाऊपणा, इतकंच काय, वरण शिजणंसुद्धा.

सोडियम येतं कुठून

पूर्वी इथं समुद्राचा फाटा होता, म्हणून पाणी खारं, ही गोष्ट वऱ्हाडात सर्रास ऐकायला मिळते. भूशास्त्राच्या लिखाणातही खोल भूजलातल्या क्षारांचं कूळ शोधताना समुद्राची शक्यता मांडली गेली आहे, आणि तिच्या विरोधात, आटत गेलेल्या बंदिस्त खोऱ्याचीही. सातपुड्याच्या कडेने मोठा भूभ्रंश, म्हणजे खडकातली लांबलचक भेग, आहे. त्याला लागून जमीन खचली, आणि त्या खोलगट भागात नद्यांनी शेकडो मीटर जाडीचा गाळ आणून टाकला. पायथ्याशी भरड गोटे आणि वाळू, मधल्या सपाटीत बारीक चिकणमाती. पायथ्याच्या भरड थरात पाऊस भराभर मुरतो, पाणी वाहतं राहतं, म्हणून गोड. मधल्या चिकणमातीत पाणी जवळपास अडकून पडतं. वर्षानुवर्षं थोडं मुरतं, बरंच वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतात. खोल बोअर मारली की गोड पाणी लागेल, ही आशा इथं बहुतेक ठिकाणी फोल ठरते.

हे झालं भूजलाचं. वरच्या मीटरभर मातीतल्या सोडियमची कथा वेगळी आहे, आणि तिला समुद्राची मुळीच गरज नाही. दख्खनच्या बेसाल्टमध्ये प्लॅजिओक्लेज नावाचं खनिज मुबलक आहे. ते झिजलं की कॅल्शियम आणि सोडियम दोन्ही सुटतात. भरपूर पावसाच्या प्रदेशात दोन्ही धुऊन जातात. इथं पाऊस मध्यम, ऊन कडक, आणि पावसाळ्यानंतर सात-आठ महिने माती सुकतच जाते. मातीतल्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पाणी आटतं, सामू (पीएच) वाढतो, आणि कॅल्शियम बायकार्बोनेटचं कॅल्शियम कार्बोनेट होऊन ते घट्ट बसतं. इथली जमीन मीटरभर खणली की पांढरे-करडे चुनखडीचे खडे हाताला लागतात, ते हेच. सोडियमचा कार्बोनेट असा बसत नाही, तो विरघळलेलाच राहतो. दर वर्षी थोडं कॅल्शियम खडा होऊन हिशेबातून बाहेर पडतं आणि मातीच्या पाण्यात सोडियमचा वाटा वाढत जातो. चिकणमातीच्या कणांना चिकटलेलं कॅल्शियमही मग हळूहळू जागा सोडतं आणि सोडियम तिथं येऊन बसतं.

नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेत डी. के. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्णा खोऱ्याच्या मातीवर १९९० च्या दशकात बारकाईने काम केलं. जमीन खराब होते ती माणसाने चुकीचं पाणी दिल्यामुळेच, हा समज त्या कामाने मोडला. पाणी न देताही, केवळ हवामानामुळे, खालच्या थरात सोडियम साठत जातं. विहिरीचं पाणी दिल्याने त्याचा वेग वाढतो एवढंच.

दोन पाणी, एकच ईसी

पाण्याची तपासणी म्हटलं की आपल्याकडे बहुधा दोनच आकडे बघतात: सामू आणि ईसी, म्हणजे विद्युत वाहकता. ईसीचा मीटर खिशात मावतो, दहा सेकंदांत आकडा देतो. पण तो मिठाची बेरीज सांगतो, मीठ कोणतं ते सांगत नाही. हिशेबासाठी दोन काल्पनिक विहिरी घेऊ. आकडे मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरमध्ये.

पहिल्या विहिरीत सोडियम ८, कॅल्शियम ६, मॅग्नेशियम ६, बायकार्बोनेट ५. दुसरीत सोडियम १७, कॅल्शियम १, मॅग्नेशियम २, बायकार्बोनेट ९. दोन्हींत धन आयनांची बेरीज २०, त्यामुळे दोन्हींची ईसी साधारण २ डेसीसायमन्स प्रति मीटर. टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले एकूण क्षार, दोन्हीकडे १,३०० मिलिग्रॅमच्या आगेमागे, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात पर्यायी स्रोत नसताना चालवून घ्यायची २,००० ची मर्यादा दोन्ही पाळतात.

आता एसएआर, म्हणजे सोडियमचं कॅल्शियम-मॅग्नेशियमशी गुणोत्तर, काढू. सोडियमला कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या सरासरीच्या वर्गमुळाने भागायचं. पहिल्या विहिरीत ८ भागिले ६ चं वर्गमूळ, म्हणजे ३.३. दुसरीत १७ भागिले १.५ चं वर्गमूळ, म्हणजे जवळजवळ १४. अमेरिकेच्या क्षार प्रयोगशाळेने १९५४ साली जे समीकरण दिलं त्यानुसार, पहिलं पाणी दीर्घकाळ दिलं तर मातीच्या कणांवर सोडियमचा वाटा साडेतीन टक्क्यांवर स्थिरावेल, दुसऱ्याने सोळा टक्क्यांवर जाईल. शिवाय उरलेला सोडियम कार्बोनेट, म्हणजे आरएससी. बायकार्बोनेटमधून कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा केलं की पहिल्या विहिरीत तो ऋण येतो, दुसरीत ६. अडीचच्या वर गेलेलं पाणी शेतीला अयोग्य धरतात. दुसऱ्या विहिरीचं पाणी शेतात गेल्यावर मातीतलं होतं नव्हतं ते कॅल्शियमही चुनखडी करून टाकणार, त्यामुळे सोळा टक्के हाही आशावादी अंदाज.

ईसीच्या मीटरला या दोन विहिरी सारख्याच.

स्वयंपाकघराला मात्र फरक कळतो. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, असं आपण सरसकट म्हणतो. ते खरं आहे जड पाण्याबद्दल, म्हणजे ज्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर आहे. दुसऱ्या विहिरीसारख्या सोडियम बायकार्बोनेटच्या पाण्यात उलट होतं: साबण भसाभसा फेसाळतो, हात धुतले तरी बुळबुळीत लागतात, आणि डाळ सोडा घातल्यासारखी लवकर गळते, कारण सोडा त्यात घातलेलाच आहे. डाळ न शिजणारं पाणी जमिनीला त्या मानाने कमी घातक आणि डाळ झटपट शिजवणारं पाणी जमिनीचं वाटोळं करणारं. प्रयोगशाळेचा पर्याय म्हणून मी हे सांगत नाही. पण विहिरीचा नमुना द्यायला जाण्याआधी घरच्या बाईला दोन प्रश्न विचारले तर अर्धं उत्तर तिथंच मिळतं.

पाऊस पडतो आणि मुरत नाही

काळ्या मातीतलं मुख्य खनिज स्मेक्टाइट. त्याचे पातळ पापुद्रे पत्त्यांच्या कॅटासारखे एकावर एक असतात. मधे कॅल्शियम असेल तर कॅट घट्ट राहतो. सोडियम असेल आणि बाहेर गोड पाणी आलं तर पत्ते सुटतात, पसरतात आणि मातीतली बारीक छिद्रं बुजवून टाकतात. वर लगदा, खाली कोरडं.

यात लक्षात घ्यायची गोष्ट ही की हे घडायला गोड पाणी लागतं. खारं पाणी देत राहिलं तर त्यातल्या क्षारांच्या दाबाने पत्ते जागेवर राहतात. क्वर्क आणि स्कोफिल्ड यांनी १९५५ साली हे मोजून दाखवलं होतं: सोडियमच्या प्रत्येक पातळीसाठी पाण्यात किमान काही क्षार असावे लागतात, त्याखाली गेलं की माती पाणी खाली जाऊ देईनाशी होते. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. म्हणून खारं पाणी दिलेल्या जमिनीचं खरं दुखणं उन्हाळ्यात दिसत नाही, मृगाच्या पहिल्या दोन जोरदार सरींनंतर दिसतं. शेत पाण्याने भरतं, आठवडाभर वापसा (पेरणीजोगी ओल) येत नाही, पेरणी लांबते. आणि पंधरा दिवस उघडीप पडली की तेच पीक सुकायला लागतं, कारण खाली ओल गेलेलीच नसते.

जगभरात पुस्तकं सांगतात की मातीच्या कणांवर सोडियमचा वाटा १५ टक्क्यांच्या वर गेला की जमीन चोपण म्हणायची. हा आकडा अमेरिकेतून आला. पूर्णा खोऱ्यातल्या फुगणाऱ्या-आक्रसणाऱ्या मातीत पाण्याचा निचरा ५ टक्क्यांनाच ढासळतो, असं नागपूरच्या संशोधकांना आढळलं आणि त्यांनी इथल्यासाठी ५ हीच मर्यादा धरा असं सुचवलं. १५ ची पट्टी लावली तर पट्ट्यातली कितीतरी शेतं कागदावर चांगली ठरतात. विदर्भातल्या कोरडवाहू कपाशीच्या उत्पन्नाचा संबंध मातीतून पाणी किती वेगाने खाली जातं याच्याशी इतर गुणधर्मांपेक्षा घट्ट लागतो, हेही याच मंडळींच्या कामातून पुढे आलं. कपाशी हे तसं खारटपणा सोसणारं पीक. मातीच्या अर्काची ईसी साडेसातच्या पुढे गेल्यावर तिचं उत्पन्न घटायला लागतं, आणि या पट्ट्यातल्या बहुतेक जमिनी त्या आकड्याच्या जवळही नाहीत. कपाशी मरते ती मिठाने नाही, तहानेने.

आता मृदा आरोग्य पत्रिका काढून बघा. २०१५ पासून देशभर वाटल्या गेलेल्या या पत्रिकेत बारा गोष्टी आहेत: सामू, ईसी, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. सोडियम नाही. नमुना घ्यायचा तो वरच्या वीतभर मातीचा. खारपाणपट्ट्यात सोडियम खोलीबरोबर वाढत जातं, वरची वीत बहुतेकदा निरोगी दिसते, पांढरा क्षारही फुललेला नसतो. तेव्हा ज्या एका गोष्टीने इथली शेती बसते, ती न मोजणारी आणि जिथं ती आहे तिथवर न पोचणारी तपासणी आपण शेतकऱ्याच्या हातात दिली आहे. देशभर एकच नमुना चालवायचा म्हटलं की असंच होणार, पण ९३२ गावांसाठी एक रकाना वाढवणं अवघड नव्हतं.

पिण्याचं पाणी

याविषयी थोडक्यात, कारण वर्तमानपत्रांत यावर भरपूर येतं. पायथ्याच्या धरणांतलं, मुख्यतः वानचं, गोड पाणी नळाने आणणाऱ्या योजना झाल्या: अकोट-तेल्हाऱ्याची ८४ खेडी योजना, संग्रामपूर-जळगाव जामोदची १४० गावांची योजना. नळाला पाणी कधी किती दिवसांनी येतं हा वेगळा विषय. मधल्या काळात गावोगाव आरओ लागले आणि थंड पाण्याचे कॅन आले. आरओ जेवढं गोड पाणी देतो, तेवढंच किंवा त्याहून जास्त पाणी, दुप्पट-तिप्पट खारं करून, मागे टाकतो, आणि ते गावच्या नाल्यात जातं. त्याचा हिशेब कुठल्याच योजनेत नाही.

किडनीचं दुखणं हा या पट्ट्यातला सगळ्यात दुखरा विषय. गावागावांत डायलिसिसवरची माणसं आहेत आणि लोक सरळ पाण्याकडे बोट दाखवतात. तरी खारं पाणी म्हणजे किडनी, असं सरळ समीकरण सिद्ध झालेलं नाही. उन्हात राबताना होणारं निर्जलीकरण, मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, मधुमेह, रक्तदाब, फ्लोराइड, नायट्रेट, कीटकनाशकं, हे सगळे संशयित आहेत, आणि श्रीलंकेच्या कोरडवाहू पट्ट्यात अशाच आजाराचा शोध कित्येक वर्षं चालूनही एका कारणावर बोट ठेवता आलेलं नाही. पाण्याला चव नाही म्हणून माणूस दिवसभरात कमी पाणी पितो, ही शक्यता मला त्यातल्या त्यात महत्त्वाची वाटते. तिच्यासाठी पाण्यात विषच असायला हवं असं नाही.

नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिला सूट नाही. गावठाणालगतच्या विहिरी तिथं नापास होतात, बहुधा उकिरड्यांनी आणि शोषखड्ड्यांनी. अकोला शहराचं सांडपाणी मोर्णेतून पूर्णेत उतरतं. ही दोन्ही खरी दुखणी आहेत, पण ती कुठल्याही खोऱ्यात सापडतील.

चुनखडी हीच खाण

उपायांत पहिलं नाव जिप्समचं. ते कॅल्शियम सल्फेट, पाण्यात जेमतेम विरघळतं, पण चुनखडीपेक्षा पुष्कळ जास्त. कॅल्शियम कणांवर जातं, सोडियम सल्फेट होऊन सुटतं. पाण्यासाठी हिशेब सोपा आहे: एक हजार घनमीटर पाण्याचा आरएससी १ ने खाली आणायला ८६ किलो शुद्ध जिप्सम. आपल्या दुसऱ्या विहिरीचा ६ वरून २.५ वर आणायचा आणि हेक्टरी ५ सेंटिमीटरचं एक पाणी द्यायचं, तर प्रत्येक पाण्याला सुमारे दीडशे किलो, एकरी साठ. जमीन सुधारण्यासाठी लागतं ते टनांत.

अडचण पैशाची तर आहेच, पण खरी अडचण पुढे आहे. सुटलेलं सोडियम सल्फेट जायचं कुठे? पंजाब-हरियाणात चोपण जमिनी सुधारल्या तेव्हा जिप्समच्या जोडीला शेतात पाणी साठवून क्षार खाली धुतले. पूर्णेच्या सपाटीला उतार नगण्य, माती साठ टक्के चिकण, खाली निचरा नाही. चर न काढता जिप्सम टाकलं तर सोडियम चार बोटं खाली सरकतं आणि उन्हाळ्यात परत वर येतं. जिप्समचं अनुदान मिळतं, चराचं सहसा कुणी बोलत नाही. शेजाऱ्याच्या बांधातून चर नेणं हे रसायनशास्त्रापेक्षा किती अवघड काम आहे, ते शेती करणाऱ्याला सांगायला नको.

आणि ते खडे? कॅल्शियम कुठे गेलं याचं उत्तर आपल्याच पायाखाली आहे. चुनखडी म्हणून बसलेलं कॅल्शियम परत विरघळवता येतं. त्यासाठी मातीत कार्बन डायऑक्साइड वाढवावा लागतो, म्हणजे मुळं, कुजणारा पाला, जिवंत जंतू. ढेंचा हे हिरवळीचं पीक जमिनीत गाडण्याची शिफारस इथं केवळ नत्रासाठी नसते, तिचा हा दुसरा अर्थ आहे. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कोरडवाहू पीक संशोधन संस्थेत १९७६ पासून काळ्या जमिनीवर एक प्रयोग चालू आहे: रुंद वरंबा-सरी, पावसाळ्यात जमीन रिकामी न ठेवणं, द्विदल पिकांची जोड. पारंपरिक पद्धतीच्या शेजारच्या शेताशी ताडून बघितल्यावर सुधारित शेतात सेंद्रिय कर्ब वाढलेला, चुनखडी कमी होत गेलेली आणि कणांवरचं कॅल्शियम वाढलेलं दिसलं. वेग मंद आहे, एका हंगामात दिसणारा नाही. पण त्याला ट्रकभर जिप्सम लागत नाही.

पट्ट्यात आज सर्वांत जास्त दिसणारा उपाय म्हणजे शेततळं. प्लास्टिकशिवाय इथं पाणी टिकतं, कारण ज्या सोडियममुळे पाऊस मुरत नाही त्याच सोडियममुळे तळ्याचा तळही गळत नाही. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल तळं साधारण दोन हजार घनमीटर पाणी धरतं. बाष्पीभवन वजा केलं तरी दोन-अडीच हेक्टर कपाशीला किंवा हरभऱ्याला एक संरक्षित पाणी देता येतं, आणि सप्टेंबरच्या उघडिपीत ते एक पाणीच पीक वाचवतं. पण बांध त्याच मातीचा असतो. सोडियमची माती पाण्यात विरघळल्यासारखी सुटते, बांधात उंदराच्या बिळाएवढं भोक पडतं आणि एका रात्रीत त्याचा बोगदा होतो. पूर्णेच्या काठाने ज्या घळी पडल्या आहेत, त्याही याच कारणाने. बांधाच्या वरच्या थरात जिप्सम मिसळून दाबलं तर फरक पडतो. तळं खोदताना निघालेली खालची पिवळट माती शेतात पसरू नये, हेही सांगायला हवं: तीच सर्वांत जास्त सोडियमची असते, आणि हौसेने ‘नवी माती’ म्हणून पसरलेली मी पाहिली आहे.

गोडं पाणी येणार, मग?

पूर्णेवर आणि तिच्या उपनद्यांवर बॅरेज, म्हणजे दारं असलेले बंधारे, बांधले जात आहेत, नेर-धामणा आणि घुंगशी ही त्यांतली नावं. नांदुरा तालुक्यात जिगावचा मोठा प्रकल्प वर्षानुवर्षं चालू आहे. वानचं पाणी शेतीला की पिण्याला, यावर तेल्हाऱ्याकडे आंदोलनं झाली. ‘गोडं पाणी आलं की खारपाण संपेल’ हे वाक्य प्रत्येक निवडणुकीत ऐकू येतं, आणि ऐकणाऱ्याला ते पटतंही. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यासाठी तरसलेल्या माणसाला ते का पटू नये?

पण वर सांगितलेलं रसायन या पाण्यालाही लागू आहे. नदीचं पावसाळी पाणी क्षारांनी हलकं असतं. आधीच सोडियम असलेल्या मातीवर ते पावसासारखंच वागणार. पाट किंवा पाइप आला की शेतकरी उसाचं, केळीचं स्वप्न बघणार. पाणी वरचेवर दिलं की भूजल वर येणार, आणि खालचं भूजल खारं आहे. ते मुळांपासून दीड-दोन मीटरवर आलं की केशाकर्षणाने क्षार आपोआप वर चढतात. पश्चिम महाराष्ट्रात, कृष्णाकाठच्या उसाच्या शिवारात हजारो हेक्टर जमीन अशीच पाणथळ-क्षारपड झाली, आणि तिथं खालचं पाणी सुरुवातीला गोड होतं.

नदीचंही तसंच. केंद्रीय जल आयोग गोपालखेडा आणि येर्लीला पूर्णेचं पाणी मोजतो. पुराच्या दिवसांत नदी सौम्य असते, प्रवाह ओसरला की उरतं ते काठच्या गाळातून झिरपलेलं पाणी. बॅरेजमध्ये दार लावून अडवलेलं पाणी जानेवारीत आणि मेमध्ये एकच नसणार. उन्हाळी पाणी द्यायचं की नाही हे तेव्हाच्या तपासणीवर ठरायला हवं, दार लावल्याच्या दिवशीच्या तपासणीवर नाही.

लाभक्षेत्रात पाणी सोडण्याआधी तीन गोष्टी व्हायला हव्यात असं मला वाटतं. गावनिहाय मीटरभर खोलीपर्यंत, तीन-चार थरांत, कणांवरचं सोडियम मोजणं, आणि ५ टक्क्यांची पट्टी लावणं. पाइप टाकताना त्याच खर्चात निचऱ्याचे चर, कारण नंतर ते कुणी काढत नाही. आणि पाणी मोजून, संरक्षित सिंचनापुरतं; दोन पाण्यांत कपाशी-तूर-हरभरा तगवायचा, ऊस नाही. तिसऱ्या गोष्टीवर सभेत टाळ्या पडणार नाहीत. पहिलीला तुलनेने फार पैसे लागत नाहीत. अकोल्याला कृषी विद्यापीठ आहे, नागपूरला मृदा संस्था आहे, नमुने घेणारे हात गावात आहेत, आणि जिगावचं पाणी शेतापर्यंत पोचायला अजून वेळ आहे.